कोंडीबाची बदली

सरकारी नोकराची बदली करून आणणं किती जिकिरीचं असतं हे मी आयुष्यभर ऐकत आलोय. पण ज्याला नोकरी नाही, आधार कार्ड नाही, धड मानसुद्धा नाही आणि जो एका जपानी खेळण्याच्या काचेमागं राहतो, त्याची इस्लामपुरातून कोयनानगरला बदली करायची म्हणजे काय, हे फक्त मलाच ठाऊक आहे. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो.

कोंडीबा कोण, ते आधी सांगून टाकतो. हेच वेळेवर न सांगितल्यामुळं पुढचा सगळा घोळ झाला.

माझी थोरली बहीण धोंडुबाई. मी तिला आक्का म्हणतो. आईवडील गेले तेव्हा मी एवढासा होतो. आटपाडीकडच्या माळावर मेंढरं राखून तिनं मला वाढवलं आणि शिकायला इस्लामपूरला धाडलं. मी इथंच शिकलो, इथंच ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायला लागलो आणि इथंच आहे. आमच्या संस्थेची चार गावांत कॉलेजं आहेत. माझ्या बरोबरचे सगळे बदलीवर गेले आणि कुणी उपप्राचार्य झाला, कुणी प्राचार्य. माझी बदलीही झाली नाही आणि बढतीही. पण ते असो, विषय कोंडीबाचा चाललाय.

तर ही आक्का गावाकडं न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मी तिला आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. डॉक्टर म्हणाले, "हाड झकास जुळलंय. आता यांनी चालायला पाहिजे. नाही चालल्या तर मात्र कायमच्या पलंगाला खिळतील, मग माझ्याकडं आणू नका." आणि आक्का चालेना. उभ्या जन्मात जिनं चालण्यापलीकडं काही केलं नाही, ती पाय खाली टेकवायलाच भ्यायला लागली. "पडले म्हंजी रं परत? बसल्या जागी काय वाईट हाय माझं?" आणलेला वॉकर भिंतीला टेकून उभा राहिला. आठवड्याभरात माझी बायको पूजा त्यावर टॉवेल वाळत घालायला लागली. मी रागावलो, समजावलं, एकदा तर आतल्या खोलीत जाऊन रडलोही. आक्का तिथल्या तिथंच.

आमची मुलगी समीक्षा पुण्याहून आली होती. तिनं माळ्यावरच्या खोक्यातून लहानपणीचा खेळ काढला. हातात मावेल एवढं जुनं जपानी यंत्र, दोन बटणं, एक काच. त्यात गवतातून चित्रविचित्र प्राणी निघतात, ते धरायचे, पाळायचे, वाढवायचे. "आत्या, हे घे. तुझ्यासाठी मेंढरं आणलीत," असं म्हणून तिनं ते आक्काच्या हातात दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली. पुढचं निस्तरायला मी होतोच.

आक्कानं दोन दिवसांत ते यंत्र असं ताब्यात घेतलं की बघत राहावं. खेळ इंग्रजीत. तिला मराठीसुद्धा जेमतेम. पण जनावर ओळखायला अक्षर कशाला लागतं? कुठलं जनावर भुकेलंय, कुठलं बिथरलंय, कुठलं नुसतंच नाटक करतंय, हे ती चित्राकडं बघून सांगायची. धरलेले प्राणी ज्या कप्प्यात ठेवतात त्याला ती वाघर म्हणायची. माळावर रात्री मेंढरांभोवती जाळी लावतात, ते वाघर. खेळात या प्राण्यांच्या लढाया लावायच्या असतात. "लेकरांची भांडणं लावायची व्हय?" म्हणून आधी तिनं साफ नकार दिला. मग मीच डोकं चालवून म्हणालो, "आक्का, भांडण नव्हे ते, कुस्ती आहे." तिथं मी फसलो. कारण त्यानंतर रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये मैदान भरायला लागलं आणि काचेवर येणारं इंग्रजी वाचून दाखवायला मी पंच झालो. इतिहासाचा प्राध्यापक "निळ्यानं शेपूट मारली, लाल्या चीतपट" असं मोठ्यानं ओरडतोय, हे खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. सकाळी दूध आणायला गेलं की लोक माझ्याकडं काळजीनं बघायचे.

या कळपात एक कोंडीबा होता. पाण्यात राहणारा, निळसर, डोकं मोठं, पाय आखूड. बेडूक म्हणावं तर लोकर, कोकरू म्हणावं तर कल्ले. आक्काचं लहानपणी एक कोकरू होतं, तिच्या मागं मागं फिरायचं. त्याचं नाव कोंडीबा, म्हणून याचंही कोंडीबा. नाव मीच टाइप केलं.

आता गंमत अशी, की बाकीची जनावरं कुस्त्या मारून मारून मोठी झाली. लाल्याला शिंगं फुटली, दुसऱ्या एकाला पंख आले. कोंडीबा मात्र जसाच्या तसा. आक्काच्या जिवाला घोर लागला. "सगळी वाढली रं, माझं हेच तेवढं ऱ्हायलं. काय कमी पडतंय त्याला?" तिनं जेवण कमी केलं. शेवटी मी समीक्षाला फोन लावला. ती हसली आणि म्हणाली, "बाबा, ती जात अशी नाही वाढत. दुसऱ्या यंत्राला वायर जोडून तिची अदलाबदल करायची. दुसऱ्याकडं गेली की मोठी होते, मग परत घ्यायची. माझ्या वर्गातला जयराज आठवतो? त्याच्याकडं दुसरं यंत्र आहे, वायर पण आहे. तो आता कोयनानगरला इंजिनिअर आहे."

मी आक्काला सोप्या भाषेत सांगितलं, "कोंडीबाची कोयनेला बदली करावी लागेल. बदली झाल्याशिवाय तो मोठा होत नाही."

हेच ते वाक्य. उभ्या आयुष्यात माझ्या तोंडून एवढं महागात पडलेलं वाक्य दुसरं गेलं नाही.

आक्का म्हणाली, "मग करूया की!"

जयराजला फोन केला तर त्याला रजा मिळेना. मी म्हणालो, यंत्र कुरिअरनं पाठवतो. आक्का खवळली. "कुरेरवाल्याच्या हातात लेकरू देतंय व्हय कुणी?" मग मी घेऊन जातो म्हणालो. "तू? तू त्याला सुदीक बंद पाडून ठेवशील. न्हाई. पोरगी सासरी जाताना पाठराखीण जाती का न्हाई संगं? मी जाणार." पूजा भांडी घासता घासता म्हणाली, "आक्का, गाडीत बसायचं तर दोन जिने उतरायला लागतील." मी आशा सोडली. पण दुसऱ्या दिवशी कॉलेजमधून आलो तर वॉकरवरचे टॉवेल खुर्चीवर टाकलेले आणि आक्का वॉकर धरून हॉलच्या मधोमध थरथरत उभी. "बगतोस काय? हो बाजूला," म्हणाली. मी बाजूला झालो. त्या क्षणी त्या निळ्या बेडकाच्या पायाही पडलो असतो, पण पायच एवढे आखूड की धरणार कुठं?

इथवर ठीक होतं. आता धनाजीराव.

धनाजीराव आमचे समोरचे. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. अख्खी हयात त्यांनी दुसऱ्यांच्या बदल्या करण्यात, रोखण्यात आणि फिरवण्यात घालवली. निवृत्तीनंतर माणूस पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तडफडत होता. मी कॉलेजात असताना ते आक्काची चौकशी करायला आले आणि आक्का बोलून गेली, "आमच्या कोंडीबाची बदली करायचीया वो." झालं. पुढचा संवाद मला पूजानं सांगितला. ती स्वयंपाकघरात ओठ चावत उभी होती म्हणे.

"कुठल्या खात्यात हाय?"

"पाण्यात असतंय."

"म्हंजे पाटबंधारे! आणि बदली कुठं पाहिजे?"

"कोयनेला. तिथं गेल्याबिगर मोठं हुत न्हाई."

"बरोबर हाय. बदली घेतल्याशिवाय बढती न्हाई, नियमच हाय. सध्या ज्युनिअर हाय वाटतं?"

"लय बारकं हाय."

धनाजीरावांनी आवाज खाली आणला. "आक्का, राग मानू नका. खातंय का?"

"आवं लय खातंय! कितीबी द्या, पुरतच न्हाई."

"हां, मग अवघड हाय. असा माणूस वरचे सोडत न्हाईत."

"आणि मोठं झालं की लगीच माघारी आणायचं. त्याच दिवशी."

धनाजीराव उठून उभेच राहिले. "त्याच दिवशी? आक्का, सकाळी बदली, दुपारी बढती, सांजच्याला माघारी? मंत्र्याच्या मेव्हण्याचंबी असलं काम झालेलं न्हाई!" पण त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती. असं आव्हान त्यांच्या उभ्या नोकरीत आलं नव्हतं.

मी घरी येईपर्यंत त्यांनी दोन फोन केले होते. दुसऱ्या दिवशी ते एका पुढाऱ्याचं शिफारसपत्र घेऊन आले. "श्री. कोंडीबा हे होतकरू व कष्टाळू असून" वगैरे. वर मला म्हणाले, "सर, तुमची बदली मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितली न्हाई, न्हाईतर तुमाला कवाच प्राचार्य केलं असतं." हे मात्र लागलं मला. आता खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर पूजानं मागून शर्ट ओढला. "अहो, सांगू नका. मोठी गाडी त्यांचीच आहे. पुढची सीट मागं सरकते, आक्कांचा पाय लांब राहील." आमच्याकडं स्कूटर. मी तोंड मिटलं.

मग अख्ख्या इमारतीत बातमी पसरली. तळमजल्यावरचे म्हणाले, कोयनेला थंडी असते, कोंडीबाला कानटोपी द्या. कुणी विचारलं, लग्न झालंय का, आमची एक भाची आहे. एका बाईनं कोंडीबासाठी चटणीचा डबा दिला. मी सगळ्यांना "हो, हो, सांगतो" म्हणत राहिलो. माणूस खोटं न बोलताही किती खोटं वागू शकतो, याचा मी त्या दिवसांत उत्तम नमुना होतो.

आक्का रोज चालत होती. आधी हॉल, मग गॅलरी, मग जिन्याची पहिली पायरी. वॉकर मात्र सुटत नव्हता. हात काढला की तोंड पांढरं पडायचं. डॉक्टर म्हणाले, "पाय तयार आहे, भीती तयार नाही. ती गेली तरच खरं." जायच्या दिवशी मी आणि धनाजीरावांनी दोन्ही बाजूंनी धरून तिला उतरवलं, मागून वॉकर घेऊन पूजा. प्रत्येक जिन्यावर दारं उघडी, लोक उभे. कुणीतरी आक्काला ओवाळलंसुद्धा.

कऱ्हाडपर्यंत धनाजीराव शांत होते. पाटणला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "कोंडीबा तिकडंच भेटणार न्हवं?"

आक्कानं पदराखालून यंत्र काढून काच त्यांच्यासमोर धरली. "ह्यो काय हितं! झोपलाय. गाडी लागली वाटतं त्याला."

धनाजीरावांनी कोंडीबाकडं बघितलं. कोंडीबानं त्यांच्याकडं बघून एक बुडबुडा सोडला. मी चहाच्या टपरीच्या पत्र्यावरचे खिळे न्याहाळायला लागलो. मग धनाजीरावांनी खिशातून शिफारसपत्र काढलं, वाचलं, परत घडी घातली. "सर," ते म्हणाले, "मी सही आणलीया वो."

मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. आक्काचे दोन्ही हात वॉकरवर होते आणि ती यंत्र हनुवटीखाली दाबून गाडीकडं स्वतःच्या स्वतः निघाली होती. धनाजीराव तिच्या पाठीकडं बघत राहिले. "महिन्यामागं ही बाई कुशीवर वळत नव्हती," ते म्हणाले. "चला. हातात घेतलेलं काम मी अर्ध्यावर सोडत न्हाई." त्या माणसाचे मी किती उपकार मानू? त्यांनी रागावून आम्हाला पाटणच्या एस.टी. स्टँडवर सोडलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता.

जयराज कोयनानगरच्या वसाहतीत तळमजल्यावर राहतो. त्याची आई रंगूबाई चहाचं आधण ठेवून वाटच बघत होती. जयराजनं त्याचं यंत्र काढलं, वायर जोडली आणि मला म्हणाला, "सर, एकच गोष्ट. चालू असताना वायर निघता कामा नये. निघाली तर कोंडीबा कुठं जाईल सांगता येत नाही." आक्कानं हे ऐकलं आणि यंत्र दोन्ही हातांनी घट्ट धरलं. वॉकर बाजूला. धनाजीराव पाठीमागं उभे, जणू आदेशावर शिक्का बसायचा बाकी आहे.

जयराजनं त्याच्याकडचा एक किडा आमच्याकडं सोडला आणि कोंडीबा निघाला. आमच्या काचेवरून नाहीसा झाला, तिकडच्या काचेवर उमटला. गोल गोल फिरला. चमकायला लागला. "मोठं व्हायलंय! माझं लेकरू मोठं व्हायलंय!" आक्का ओरडली.

आणि जमीन हलली.

आधी कपबश्या खुळखुळल्या, मग खिडकीची तावदानं, मग माझे गुडघे. भूकंप! मी एम.ए. आहे, संकटकाळी नेतृत्व कसं करावं यावर दरवर्षी तास घेतो. मी कुणालाही न विचारता दाराबाहेर पळालो. माझ्या पायात पाय घालून धनाजीराव. पूजाही निघाली. मागून रंगूबाईंचा आवाज येत होता, "आवं बसा की! बारका हाय, बारका! आमच्यात रोजचंच हाय." त्या चहा गाळत होत्या, थेंबसुद्धा सांडला नाही.

मी फाटकाशी पोचलो आणि एकदम आठवलं. आक्का आत आहे! मी माझ्या आईसारख्या बहिणीला आत टाकून पळून आलो होतो. मी वळणार, तेवढ्यात पुढूनच आवाज आला.

"सिद्धू, हलायचं थांबलं का रं?"

आक्का फाटकाच्या पलीकडं रस्त्यावर उभी होती. आमच्या सगळ्यांच्या पुढं. पदर खोचलेला, यंत्र छातीशी, त्याला तुटक्या दाव्यासारखी वायर लोंबतेय. वॉकर आत घरात होता.

"आक्का," मी म्हणालो, "तू चालत आलीस?"

"मग काय उडत आले व्हय?" ती म्हणाली. आणि मग तिनंच खाली बघितलं. एक पाय पुढं टाकून बघितला. मग दुसरा. मी हात पुढं केला, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बगू दे मला." आणि ती तशीच, कशालाही न धरता, फाटकापासून दारापर्यंत गेली. मी रस्त्यावर उभा राहून ढसाढसा रडलो. पूजा रडली. धनाजीराव तोंड फिरवून कोयनेच्या डोंगराकडं बघत राहिले आणि रुमाल शोधायला लागले. तो मिळाला नाही तेव्हा त्यांनी शिफारसपत्रानं डोळे पुसले. त्या पत्राचा तेवढा तरी उपयोग झाला.

आत गेल्यावर कोंडीबाचा शोध सुरू झाला. आक्काचा जीव टांगणीला. जयराजनं त्याचं यंत्र बघितलं. त्यात कोंडीबा होता. मोठा झालेला, भरदार, लोकर रुबाबात फुललेली, पाय लांब. मग त्यानं आमचं यंत्र चालू केलं. त्यातही कोंडीबा होता! बारका, जसाच्या तसा, बुडबुडे सोडत. जयराज म्हणाला, जुन्या यंत्रात नेमक्या क्षणी वायर निघाली की असं होतं. त्याचा किडा मात्र त्या गडबडीत कायमचा गेला.

"एकच इसम, एकाच दिवशी, दोन ठिकाणी हजर!" धनाजीराव कपाळाला हात लावून म्हणाले. "सर, ह्याची चौकशी लागती."

जयराजनं वायर परत उचलली. "आत्या, पुन्हा जोडतो. थोरला तुमच्याकडं घ्या, धाकटाही मोठा करून देतो. पाच मिनिटांचं काम."

आक्का चहाची बशी खाली ठेवून दोन्ही काचांकडं बघत बसली. मग तिनं जयराजच्या यंत्रावरून हात फिरवला.

"थोरल्याला हितंच ऱ्हाऊ दे, बाबा. मोठ्या पाण्याचं गाव हाय, त्याला मानवंल. मी येत जाईन भेटाय. आता काय, माझं पाय हायती." मग आमचं यंत्र उचलून पदराखाली घेतलं. "आणि ह्याला नगं मोठं करू. एक तरी बारकं पायजे माझ्यापाशी."

मला का कोण जाणे, जरा लागलं. रडून झालेलं होतं, मन हळवं होतं. मी म्हणालो, "आक्का, मी आहे की गं तुझ्यापाशी. पण मी काय बारका आहे आता? पंचावन्न सरली."

आक्का माझ्याकडं बघून हसली. पडल्यापासून पहिल्यांदाच तशी हसली.

"तू कवा मोठा झालास रं? तुजी कुटं बदली झालीया?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं धनाजीराव. मीही हसलो. त्यानंतर एक दिवस धनाजीराव नवंकोरं शिफारसपत्र घेऊन आले, माझ्या नावाचं, संस्थेत कुणीतरी ओळखीचं निघालं म्हणे, शिराळ्याला उपप्राचार्याची जागा रिकामी होती. मी त्यांना चहा पाजला, मनापासून आभार मानले आणि पत्र परत दिलं.

तेवढ्यात जिन्यावरून हाक आली. आक्का खालून कोथिंबीर घेऊन येत होती, एकटी. "सिद्धू, दार उगड रं! आणि बस हितं, कुस्तीची वेळ झाली."